आधी चित्र उलटं करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांनी १९५६च्या सुमारास मुंबईत ह. अ. गाडे यांचं एक तैलचित्र घेतलं. साधारण दोन फूट बाय तीन फूट, टेकडीवरची घरं, सुरीने लावलेला जाड रंग. आधी दादरच्या आणि मग पुण्याच्या घरात ते आजवर टांगलेलं आहे. वडील मागच्या वर्षी गेले आणि तुम्ही तिघा भावंडांनी ते लिलावाला द्यायचं ठरवलंय. एका लिलावगृहाने फोटोवरून १५ ते २० लाखांचा अंदाज दिला, दुसऱ्याने २५ लाख 'नक्की' म्हणून सांगितले. आता साफ करून घ्यावं का, फ्रेम बदलावी का, बिल नाही तर अडेल का, राखीव किंमत (ज्याच्या खाली विकायचंच नाही तो आकडा) किती ठेवावी, हातात काय पडेल, कर किती, हे तुम्ही विचारलंय. आणि सगळ्यात शेवटी, कंसात, जाताजाता लिहिलंय की मागच्या पुठ्ठ्यावर एक अर्धवट फाटलेलं लेबल आहे आणि पेन्सिलीने पुसटसा आकडा, 'फ्रेमवाल्याचा असावा'.

मी तुमचा प्रश्न त्या कंसापासून वाचायला घेतला. गेली सव्वीस वर्षं मी चित्रांची दुरुस्ती करते आणि लिलावाआधी चित्राच्या अवस्थेचा अहवाल लिहिते. माझ्या टेबलावर चित्र आलं की मी ते आधी उलटं करते. पुढची बाजू सगळ्यांनाच दिसते, नकल करणाऱ्यालाही. तो आपली सगळी मेहनत तिथेच घालतो. पाठीवर मात्र सत्तर वर्षांची धूळ, गंज, खिळ्यांची भोकं, कुणीतरी घाईत लिहिलेला नंबर हे सगळं आपोआप जमत गेलेलं असतं, आणि ते सगळं एकमेकांशी जुळेल असं खोटं उभं करणं फार अवघड असतं.

म्हणून पहिली विनंती: त्या पुठ्ठ्याला हात लावू नका. फ्रेमवाल्याकडे तर चित्र अजिबात नेऊ नका. एका कुटुंबाने माझ्याकडे यायच्या आदल्या आठवड्यात 'जरा बरं दिसावं' म्हणून चित्राला नवी सोनेरी फ्रेम करून आणली होती. जुनी फ्रेम वाळवीने खाल्ली होती, हे खरं. पण तिच्यामागचा पुठ्ठा दुकानदाराने रद्दीत टाकला, आणि त्यावर प्रदर्शनाचं लेबल होतं असं त्या घरातल्या आजी शपथेवर सांगत होत्या. आम्ही दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तोवर रद्दी गेली होती. चित्र विकलं गेलं, पण त्या लेबलाशिवाय, आणि अंदाजाच्या खालच्या टोकालाही पोचलं नाही. फ्रेमला खर्च आला तो वेगळाच.

आता त्या लेबलातून काय काय निघू शकतं ते सांगते, कारण तुमचं अर्धं काम तिथे आहे. फ्रेमवाल्याचं असलं तरी ते बिनकामाचं नाही. मुंबईत त्या काळी चांगली फ्रेम करणारे आणि आधुनिक चित्रं विकणारे हे बरेचदा एकाच वर्तुळातले लोक होते. केकू गांधींचा केमोल्डचा व्यवसाय मुळात फ्रेमचाच. फ्रेमच्या शोरूममध्ये ते तरुण चित्रकारांची चित्रं लावत, आणि पुढे १९६३ साली जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीत त्यांची गॅलरी सुरू झाली. लेबल बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाचं असेल तर त्यावर बहुधा प्रवेशिकेचा नंबर असतो, आणि त्या वर्षाचा छापील कॅटलॉग हाती लागला तर नंबर, शीर्षक आणि कधीकधी किंमतही जुळवता येते. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली, त्यामुळे १९५६च्या खरेदीत ते नाव असायला हरकत नाही. १९५० सालच्या म्हणवणाऱ्या चित्रामागे मात्र जहांगीरचं लेबल निघालं, तर ते नंतरच्या प्रदर्शनाचं आहे का, हे मला विचारावंच लागेल.

लेबलाची तारीख ताडायला मोठं ज्ञान लागत नाही, घरात मोठी माणसं असली की पुरतं. पत्त्यात 'बॉम्बे १' असा विभागाचा छोटा आकडा आहे की सहा आकडी पिनकोड? पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला. त्याआधीच्या कागदावर तो असूच शकत नाही. किंमत रुपये-आण्यांत आहे की 'नये पैसे'मध्ये? दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला सुरू झाली आणि 'नये' हा शब्द १९६४पर्यंत टिकला. 'मुंबई' हे इंग्रजीतलं अधिकृत नाव १९९५चं. एकदा एक माणूस १९५५चं म्हणून टाइप केलेलं बिल घेऊन आला होता. कागद पिवळा, शिक्का झकास, आणि पत्त्याखाली पिनकोड. मी काही बोलले नाही, फक्त बोट ठेवलं. तो चहा अर्धा टाकून गेला.

बिल नाही म्हणून घाबरू नका. त्या पिढीतल्या बहुतेक घरांत ते नसतंच. डॉक्टर, वकील, प्राध्यापक मंडळी चित्रकाराच्या घरूनच चित्र घ्यायची, कधी हप्त्याने, कधी ओळखीवर. गाडे (१९१७–२००१) प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईच्या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या सहा संस्थापकांपैकी एक. सूझा, रझा, हुसेन, आरा आणि बाकरे हे बाकीचे. आज ही नावं ऐकून दबकायला होतं, पण तेव्हा यांची चित्रं महिन्याच्या पगाराच्या आत मिळत. बिलाच्या जागी दुसरं काय चालतं? घरातले फोटो. अल्बम काढा. मुंज, बारसं, केळवण, गणपती, जिथे जिथे दिवाणखान्यात फोटो काढलाय तिथे मागच्या भिंतीवर बघा. एका नागपूरकर कुटुंबाकडे चित्राचा एकही कागद नव्हता, पण १९६१च्या मुंजीच्या फोटोत मुंजा मुलाच्या मुंडावळीमागे त्या चित्राचा डावा कोपरा सहीसकट दिसत होता. तो फोटो कॅटलॉगमध्ये अख्खं अर्धं पान छापला गेला. आजोबांची डायरी, जमाखर्चाची वही, दादरहून पुण्याला सामान हलवताना केलेली यादी, विम्याचा जुना कागद, सगळं चालतं. आणि आत्या असतील तर आजच त्यांच्याकडे जा. त्यांना चित्र कुठून आलं हे नेमकं आठवणार नाही कदाचित, पण आजोबा कुणाकडे जायचे, चित्र आणलं तेव्हा आजी काय म्हणाल्या, कुठल्या भिंतीवर होतं हे आठवेल. ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, तारीख घाला, सही घ्या.

मालकीच्या साखळीची बाजार किती किंमत करतो त्याचं अलीकडचं मोठं उदाहरण हुसेन यांच्या 'ग्रामयात्रा'चं. १९५४मधलं ते चित्र त्याच वर्षी लिऑन वोलोदार्स्की या डॉक्टरांनी भारतात असताना घेतलं, नंतर ते ऑस्लोच्या इस्पितळाकडे गेलं आणि कित्येक दशकं तिथल्या भिंतीवर होतं. मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला १.३७ कोटी डॉलरच्या वर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. चित्र मोठं आणि महत्त्वाचं होतंच. पण रंग वाळल्यापासून हातोडा पडेपर्यंत ते कुठे होतं हे एका परिच्छेदात सांगता येत होतं आणि मधल्या काळात ते बाजारात आलंच नव्हतं, याचाही त्या आकड्यात वाटा आहे. तुमचं चित्र त्या पंगतीतलं नाही, पण तत्त्व तेच: एक चित्रकार, एक घर, तीन पिढ्या, बाजारात पहिल्यांदा. ही तुमची खरी पुंजी आहे.

ती कशी उधळली जाते तेही पाहिलंय. घरातला कुणीतरी उत्साही मेव्हणा चित्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर चार दलालांना पाठवतो. ते चौघे तो आणखी दहा जणांना पाठवतात, प्रत्येकाची किंमत वेगळी. महिन्याभराने तोच फोटो एखाद्या संग्राहकाकडे तीन दिशांनी येतो, आणि त्याचा निष्कर्ष एकच असतो: हे चित्र खूप दिवस फिरतंय, याच्यात काहीतरी खोट असणार. फोटो दोन-तीन जागी द्या, त्याहून जास्त नाही, आणि तोही पूर्ण रिझोल्यूशनचा नको.

आता साफसफाई. उत्तर नाही असं आहे. कोरडं फडकं, ओला कापूस, साबणाचं पाणी, काच पुसायचा स्प्रे, बटाट्याची फोड, कांदा, यातलं काहीही नको. बटाट्याचा सल्ला इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो की मला कधीकधी वाटतं त्यामागे एखादी संघटना असावी. त्यातला स्टार्च रंगाच्या खाचांत बसतो, वर बुरशीला खाऊ होतो. (आम्ही स्वतः काही पृष्ठभाग कापसाला थुंकी लावून साफ करतो, हे खरं आहे, लाळेतली विकरं मळ सोडवतात. पण कुठे थांबायचं हे कळायला मला पाच वर्षं लागली, तेव्हा हा प्रयोग घरी नको.) आणि वॉर्निश तर नकोच नको. त्या काळातल्या अनेक तैलचित्रांवर चित्रकाराने मुद्दाम वॉर्निश लावलेलं नसतं. काही भाग मंद, काही चकचकीत हा फरक त्याला हवा असतो. एकदा सगळीकडे झिलई चढवली की तो फरक गेला, आणि सुरीने लावलेल्या जाड रंगाच्या खाचांतून ती झिलई पूर्ण काढता येत नाही.

लिलावात मळ लपत नाही, पण मळाला कुणी घाबरतही नाही. अनुभवी खरेदीदाराला न हाताळलेलं, थोडं काळवंडलेलं चित्र जास्त आवडतं, कारण साफ करण्याचा निर्णय त्याच्या हातात राहतो. तो बिचकतो तो कुणीतरी आधी केलेल्या दुरुस्तीला. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरला की नंतर भरलेला रंग काळ्या डागांसारखा दिसतो, जुनं राळेचं वॉर्निश हिरवट झळकतं. सही त्या वॉर्निशच्या वर तरंगत असेल, किंवा सहीचा रंग जुन्या तडांमध्ये उतरलेला असेल, तर ती सही चित्रानंतर खूप वर्षांनी आली आहे. मी तुमच्या जागी असते तर एका तज्ज्ञाकडून अवस्थेचा लेखी अहवाल आधीच करून घेतला असता, स्वतःच्या खर्चाने. मग लिलावगृह सहा आठवड्यांनी 'डाव्या कोपऱ्यात रंग उचललाय, अंदाज कमी करावा लागेल' म्हणालं, तर तो कधी उचलला हे तुम्हाला माहीत असतं.

एक अपवाद. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर वाट बघू नका. चित्र भिंतीवरून काढून रंगाची बाजू वर करून सपाट ठेवा, पडलेले तुकडे एका कागदी पाकिटात जपा, आणि संवर्धकाला घरी बोलवा. चित्र हलवताना बबल रॅप रंगाला थेट लावू नका. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या एका चित्रावर त्याचे गोल गोल ठसे उमटले होते, ते कधीच गेले नाहीत.

खरंखोटं ठरवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लिलावगृह विचारणार आहे. बहुतेक भारतीय आधुनिक चित्रकारांच्या सगळ्या कामाची अधिकृत सूची झालेली नाही. त्यामुळे 'सर्टिफिकेट काढून देतो' म्हणणारा जो कुणी भेटेल त्याला लांबूनच नमस्कार करा. असं सर्टिफिकेट हे एका माणसाचं मत असतं, आणि फी घेऊन दिलेलं असतं. चित्रकार हयात असला तरी घोटाळा होतो: २००९ साली दिल्लीत स्वतः रझा आपल्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवर त्यांच्या नावाने लावलेली बरीच चित्रं त्यांची नव्हती. लिलावगृहं शैली, साहित्य, पाठ आणि मालकीचा इतिहास एकत्र ठेवून ठरवतात. साहित्यात मी काय बघते? त्या काळची मंडळी पैसे वाचवायला कॅनव्हासऐवजी हार्डबोर्ड सर्रास वापरत, तेव्हा बोर्डवर आहे म्हणून दचकू नका. कॅनव्हास असेल तर चौकटीला बारीक खिळे आहेत की बंदुकीने मारलेल्या पिना? पिना असतील तर तो नंतर पुन्हा ताणलेला असू शकतो. मग जुन्या खिळ्यांची गंजलेली भोकं काठावर दिसायला हवीत. आणि १९५६च्या मुंबईतल्या चित्रात अ‍ॅक्रिलिक रंग सापडला तर मी पेन खाली ठेवते.

गाडे आणि नंतर त्याच गटात आलेले चित्रकार गायतोंडे यांच्यात तुमच्या नातेवाइकांचा गोंधळ झाला असेल तर आत्ताच मिटवा. सप्टेंबर २०२५मध्ये गायतोंड्यांच्या १९७०मधल्या एका चित्राला ६७ कोटी मिळाले, ती बातमी सगळ्यांनी वाचलीय, आणि प्रत्येक घरात एक काका असतात ज्यांना वाटतं भाचरं फसवली जाताहेत. गटाचं नाव एक असलं तरी बाजार चित्रकारागणिक वेगळा असतो. रझांचा आकडा गाड्यांना लागत नाही, आणि गाड्यांचा एका दशकातला आकडा दुसऱ्या दशकातल्या कामाला लागेलच असंही नाही.

म्हणून त्या दोन अंदाजांकडे येते. २५ लाख म्हणणाऱ्याला एकच विचारा: गेल्या पाच वर्षांत विकली गेलेली गाड्यांची तीन तैलचित्रं दाखवा, साधारण या आकाराची, याच काळातली. आणि न विकली गेलेलीही दाखवा. ती कोण दाखवतो आणि कोण टाळतो, त्यावरून कुणाचा अंदाज खरा ते लगेच समजतं. चित्र आपल्याकडे यावं म्हणून फुगवून सांगायचं आणि करारावर सही झाल्यावर, लिलावाच्या तीन आठवडे आधी, 'बाजार थंड आहे' म्हणून उतरवायचं, ही पद्धत जुनी आहे. लिलावात 'नक्की' असं काही नसतं, हमी असेल तर ती लेखी असते.

माझं मत विचाराल तर मी १२ ते १८ लाखांचा अंदाज छापायला सांगेन आणि राखीव किंमत १२च्या किंचित खाली ठेवेन. हे ऐकून विकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, माहीत आहे. पण कमी अंदाजावर लोक येतात, आणि किंमत दोन माणसं हट्टाला पेटली की वर जाते. दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. राखीव किमतीपर्यंत बोली पोचली नाही तर चित्र न विकलं म्हणून परत येतं, आणि हल्ली ते सगळं ऑनलाइन कायमचं राहतं. पुढच्या वेळी विकायला काढलं की खरेदीदार आधी ते पान उघडतो. 'बाजारात पहिल्यांदा' ही तुमची पुंजी त्या एका संध्याकाळी संपते, आणि मग बरेचदा दोन-चार वर्षं थांबावं लागतं.

हातात काय येईल ते एका उदाहरणाने. समजा हातोडा १६ लाखांवर पडला, म्हणजे शेवटची बोली १६ लाखांची. खरेदीदार त्यावर लिलावगृहाचा अधिभार देतो, तो २० टक्के धरा. म्हणून बातमीत आणि संकेतस्थळावर १९ लाख २० हजार दिसतील. ते वरचे पैसे तुमचे नाहीत. उलट तुमच्या १६ लाखांतून विक्रेत्याचं कमिशन जातं. ते १० टक्के ठरलं असेल तर १ लाख ६० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २८ हजार ८००. राहिले १४ लाख ११ हजार २००. त्यातून फोटोग्राफी, विमा, वाहतूक असे किरकोळ खर्च करारात असतील तर तेही. भावंडांना १९ लाख सांगून ठेवू नका, नाहीतर दिवाळीला कुणी कुणाकडे येणार नाही. कमिशनवर घासाघीस होते, ती जरूर करा, तुमच्यासारखं घरातून थेट आलेलं चित्र त्यांनाही हवंच असतं.

कराबद्दल. आपल्याकडे वारसा कर नाही, त्यामुळे चित्र तुमच्याकडे आलं त्याचा कर नाही. विकल्यावर मात्र आहे. फर्निचरसारखी घरगुती वस्तू म्हणून चित्र पूर्वी सुटायचं. २००७च्या वित्त कायद्याने ती वाट बंद केली. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर सध्या १२.५ टक्के, महागाईच्या समायोजनाशिवाय, वर सेस आणि लागू असेल तर अधिभार. आजोबांनी २००१च्या आधी घेतलेलं असल्याने खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ची बाजारभावाने किंमत धरता येते, आणि ती नोंदणीकृत मूल्यांककाकडून लेखी घ्या. ती ९० हजार आली असं धरलं तर वरच्या उदाहरणात नफा १३ लाख २१ हजार २००, तिघांत मिळून कर सुमारे १ लाख ६५ हजार आणि त्यावर ४ टक्के सेस. प्रत्येकाने आपापल्या विवरणपत्रात आपला हिस्सा दाखवायचा. कुणी त्या पैशातून घर घेणार असेल तर सवलत मिळू शकते. पुढचं तुमच्या सीएला विचारा, मी चित्रांची डॉक्टर आहे, आकड्यांची नाही.

१९७२च्या पुरावशेष आणि कलाठेवा कायद्याची अडचण तुमच्या चित्राला नाही. शंभर वर्षांहून जुनी चित्रं आणि सरकारने राष्ट्रीय ठेवा ठरवलेल्या नऊ चित्रकारांची कामं देशाबाहेर नेता येत नाहीत. रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, तिघे टागोर, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक हे ते नऊ. गाडे त्यात नाहीत, म्हणजे परदेशातला खरेदीदारही बोली लावू शकतो. पण आजोबांना चित्रांचा नाद होता असं तुम्ही म्हणता. कपाटामागे गुंडाळलेला एखादा जामिनी रॉय निघाला तर तो परदेशी पाठवायचा विचारही नको. शिवाय त्यांची नकलही भरपूर झालीय.

कॉपीराइट कायद्यात एक कलम आहे, ते कुणी सांगत नाही म्हणून सांगते. दहा हजार रुपयांवर पुनर्विक्री झाली तर मूळ चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यातला हिस्सा मागायचा हक्क आहे, जास्तीत जास्त दहा टक्के. लिलावगृह याबाबत काय करतं ते लेखी विचारा. आणि चित्र तुमचं असलं तरी त्याचा कॉपीराइट तुमचा नाही. तुम्ही त्याची कॅलेंडरं छापून विकू शकत नाही.

करारातली चार ठिकाणं दोनदा वाचा. एक, विमा कुठून कुठपर्यंत: तुमच्या दारातून उचलल्यापासून हवा, त्यांच्या गोदामात पोचल्यापासून नको. दोन, न विकलं गेलं तर परत आणायचा खर्च आणि दंड कुणाचा. तीन, पैसे किती दिवसांत, आणि खरेदीदाराने बुडवलं तर काय. चार, आणि हे सगळ्यात कमी लोक वाचतात: पुढे चित्र खोटं निघालं तर विक्री रद्द करून पैसे परत मागायची मुदत किती. तिघांच्याही सह्या लागतील. आईंचा हिस्सा असेल तर त्यांचीही. मोठ्या भावाने 'मी बघतो सगळं' म्हणून एकट्याने सही केली आणि लिलावाच्या आठ दिवस आधी धाकट्या बहिणीच्या वकिलाची नोटीस आली, असं मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा चित्र कॅटलॉगमधून काढावं लागलं.

चित्र पावसाळ्यात हलवू नका. पुण्यातली कोरडी भिंत आणि जुलैतलं मुंबईचं गोदाम यांतला फरक कॅनव्हासला सोसत नाही. तो ढिला पडतो, पुन्हा आवळतो आणि जाड रंग त्याच्यासोबत वाकत नाही. हिवाळी लिलाव धरा, म्हणजे कागद गोळा करायलाही वेळ मिळतो.

आणि तोवर एक काम करा. आज रात्री. चित्र दोघांनी मिळून उतरवा, टेबलावर जाड चादर घाला, तिच्यावर चारही कोपऱ्यांना घडी घातलेले टॉवेल ठेवा. फ्रेमचा काठ त्या टॉवेलांवर टेकेल आणि रंग हवेत राहील अशा बेताने चित्र पालथं ठेवा. खोलीतले दिवे घालवा. मोबाइलचा टॉर्च पुठ्ठ्याला जवळजवळ चिकटवून एका बाजूने तिरका मारा. वरून नाही, बाजूने. पेन्सिल पुसली गेली तरी तिने पुठ्ठ्यात केलेली खाच राहते, आणि तिरक्या उजेडात तिची सावली पडते. चारही बाजूंनी एकेक फोटो काढा. शिसं पुन्हा गडद करायचा मोह आवरा. आकड्याआधी 'रु.' असेल तर ती किंमत आहे. नुसताच दोन-तीन आकडी नंबर आणि त्याला गोल असेल, तर फ्रेमवाल्याचा विचार सोडून द्या आणि मला त्या वर्षांचे प्रदर्शनाचे कॅटलॉग शोधायला लागू द्या.